रात्रीचा आरएमओ एकटा असताना अरेस्ट: मास्क, आय-जेल की ट्यूब?

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९:१०)

नाशिकमध्ये वीस-तीस खाटांची हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत. कॉलेज रोड, इंदिरानगर, मुंबई नाका, नाशिक रोड, कुठेही बघा. रात्री बहुतेक ठिकाणी माणसं तेवढीच असतात: एक आरएमओ (हॉस्पिटलमध्ये मुक्कामाला असणारा डॉक्टर), दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा. भूलतज्ज्ञांना फोन केला तरी ते पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. अशा वेळी वॉर्डातला मोठा माणूस अरेस्ट झाला, म्हणजे त्याचं हृदय बंद पडलं, तर श्वासाचं कोणी काय करायचं, हे लिहून ठेवलेलं फार कमी ठिकाणी दिसतं.

"ट्यूब पडली म्हणजे सीपीआर पूर्ण झाला" ही समजूत आपल्याकडे पक्की आहे (ट्यूब म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत घालायची नळी; सीपीआर म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं). त्यामुळे कॉम्प्रेशन (छातीवरचे दाब) थांबवून, लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं यंत्र) हातात घेऊन अर्धा-अर्धा मिनिट घशात डोकावणं चालतं. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दहा मिनिटांत, भूलतज्ज्ञ हजर नसताना, ट्यूबला हात लावू नये. अँबू-मास्क (हाताने दाबायची हवेची बॅग आणि चेहऱ्यावरचा मास्क) नीट करावा, फार तर आय-जेल (घशात स्वरयंत्रावर बसणारी मऊ नळी) टाकावा. पटत नसेल तर कारणासकट लिहा. शेवटी यातून ट्रॉलीवर चिकटवायला एक कागद तयार व्हावा, एवढीच इच्छा आहे.

सिस्टर_पंचवटी (सोमवार, रात्री ९:३२)

पूर्ण सहमत. पण "अँबू-मास्क नीट करावा" हे तीन शब्द म्हणजेच सगळं काम आहे, म्हणून आधी तेच लिहिते.

मास्क एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बॅग दाबणं मोठ्या माणसात बहुतेकदा फसतं. गालाकडून हवा सुटते आणि छाती उचलतच नाही. एकाने डोक्याशी उभं राहून मास्क दोन्ही हातांनी धरायचा. दोन्ही अंगठे आणि तळव्याचे फुगीर भाग मास्कच्या दोन कडांवर ठेवायचे, बाकीची बोटं जबड्याच्या कोनाखाली घालून जबडा वर ओढायचा. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, चेहरा मास्कमध्ये उचलायचा. बॅग दुसऱ्याने दाबायची. माणसं कमी असतील तर तीस कॉम्प्रेशन झाल्यावर कॉम्प्रेशन देणाऱ्यानेच दोनदा बॅग दाबावी आणि लगेच हात परत छातीवर न्यावे. त्या दोन श्वासांसाठीचा खंड दहा सेकंदांच्या आत संपला पाहिजे.

डोक्याखाली घडी घातलेली चादर घ्या, म्हणजे कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका रेषेत येते. कवळी घट्ट बसलेली असेल तर मास्क चालू असेपर्यंत राहू द्या, गाल भरलेले राहतात. ट्यूब टाकताना काढा. गुडेल (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी नळी) घालायचा असेल तर पुढच्या दातांपासून जबड्याच्या कोनापर्यंत मापून. लहान पडला तर जीभच मागे ढकलतो, मोठा झाला तर स्वरयंत्रावर दाबतो. मोठ्यांना सहसा ३ किंवा ४ नंबर, म्हणजे ९ किंवा १० सेंटिमीटरचा.

आणि बॅग लिंबासारखी पिळू नका. मोठ्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा असते, पेशंटला हवी ५०० ते ६०० मिली. एका सेकंदात, छाती नुसती उचललेली दिसेल एवढीच.

आडगावचा_पाटील (सोमवार, रात्री ९:४०)

+१. सिस्टर, हा प्रतिसाद प्रिंट काढून लावण्यासारखा आहे.

भूलशास्त्र_नारोड (सोमवार, रात्री १०:०५)

गोदाकाठ, निम्मं पटलं. "ट्यूबला हात लावू नये" हा सरसकट नियम मला धोक्याचा वाटतो.

मास्कने हवा दिली की काही हवा पोटात जाते. अरेस्टमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा जोर झपाट्याने ओसरतो, त्यामुळे थोड्या दाबानेही पोट फुगतं आणि जेवण वर येतं. फ्रान्स-बेल्जियममध्ये झालेल्या 'काम' चाचणीत (२०१८, सुमारे दोन हजार पेशंट) मास्कच्या गटात उलटी वर येण्याचं प्रमाण १५.२ टक्के होतं, ट्यूबच्या गटात ७.५. श्वासमार्ग सांभाळता न येण्याचं प्रमाण मास्कमध्ये ६.७ टक्के, ट्यूबमध्ये २.१. रात्री नऊला पोटभर जेवून झोपलेला पेशंट अकराला अरेस्ट झाला तर हे आकडे पुस्तकात राहत नाहीत.

१०८_वाटेवर (सोमवार, रात्री १०:२८)

डॉक्टर, त्याच चाचणीतला पुढचा आकडाही लिहा. २८ दिवसांनी मेंदू शाबूत ठेवून जगलेले: मास्क ४.३ टक्के, ट्यूब ४.२. त्यातून दोन्ही सारखेच आहेत असा ठाम निष्कर्ष काढता आला नाही, हेही खरं. पण ट्यूबने माणसं जास्त वाचली असंही कुठे दिसलं नाही.

इंग्लंडमधल्या 'एअरवेज-टू'मध्ये (तीही २०१८) नऊ हजारांवर पेशंट होते. आय-जेल गटात चांगल्या अवस्थेत वाचलेले ६.४ टक्के, ट्यूब गटात ६.८. फरक धरण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या 'पार्ट'मध्ये लॅरिंजियल ट्यूबच्या (आय-जेलसारखीच, स्वरयंत्राच्या वर राहणारी) गटात ७२ तास जगलेले १८.३ टक्के, ईटी ट्यूबच्या (श्वासनलिकेतली नेहमीची ट्यूब) गटात १५.४. तिन्ही चाचण्या हॉस्पिटलबाहेरच्या अरेस्टच्या आहेत आणि त्यांतले हात शिकलेले होते. आपला रात्रीचा आरएमओ महिन्यात किती ट्यूब टाकतो, हे आधी विचारा.

युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांत तज्ज्ञांचा निकष आहे: दोन प्रयत्नांत ९५ टक्क्यांहून जास्त यश मिळणारे हातच अरेस्टमध्ये ट्यूब टाकतील, आणि तेही कॉम्प्रेशन पाच सेकंदांपेक्षा जास्त न थांबवता.

भूलशास्त्र_नारोड (सोमवार, रात्री १०:५१)

पाच सेकंदांची अट मान्य, आणि ती शक्यही आहे. ब्लेड घालणं, सक्शन करणं, स्वरयंत्र शोधणं हे सगळं कॉम्प्रेशन चालू असताना करायचं. स्वररज्जू दिसले की "थांबा" म्हणायचं, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) किंवा ट्यूब आत सरकवायची, "चालू" म्हणायचं. दिसलंच नाही तर थांबायला सांगायचंच नाही, मास्कवर परत जायचं. अरेस्टमध्ये भुलीचं किंवा स्नायू सैल करणारं औषध लागत नाही. पुरुषाला ८ची ट्यूब, दातांशी २३ सेंटिमीटर. बाईला ७ किंवा ७.५ची, २१ सेंटिमीटर. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर तोच आधी उचला, टीममधल्या बाकीच्यांनाही ट्यूब कुठे चालली आहे ते दिसतं.

माझी खरी अट वेगळी आहे: कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. तो नसेल तर ट्यूब टाकूच नका, तिथे मी गोदाकाठच्या बाजूला आहे.

सातपूरकर (मंगळवार, सकाळी ७:१५)

मी डॉक्टर नाही, एमआयडीसीत सेफ्टी बघतो. कारखान्यात कोणी कोसळलं तर आम्ही तोंडाने श्वास द्यायचा की नाही? लोक पाणी पाजायला धावतात, कोणी नाकाशी कांदा धरतं.

सिस्टर_पंचवटी (मंगळवार, सकाळी ७:४०)

सातपूरकर दादा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका, ते थेट फुप्फुसात जातं. मोठा माणूस अचानक कोसळला असेल, हाक मारून-हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट नसेल, तर १०८ला फोन, फोन स्पीकरवर, आणि छातीच्या मध्यावर दाब. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पहिल्या काही मिनिटांत रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत पोचवणं हेच काम. म्हणूनच भारतात सामान्य लोकांना फक्त दाब देण्याची पद्धत शिकवतात. एईडी (हृदयाला शॉक देणारं स्वयंचलित यंत्र) असेल तर कोणाला तरी ताबडतोब आणायला पिटाळा.

एक घोटाळा नेहमी होतो. कोसळल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो, आणि लोक म्हणतात "श्वास चालू आहे". तो श्वास नाही. तो अरेस्टच धरा.

तपोवन (मंगळवार, सकाळी ८:२२)

सिस्टरच्या उत्तराला एक मोठा अपवाद जोडतो, कारण गाव गोदावरीकाठचं आहे आणि २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. बुडालेल्या माणसाचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबतं. त्याच्या रक्तात काही शिल्लकच नसतं. तिथे नुसत्या दाबावर भागत नाही, श्वास आधी. शिकलेल्या माणसाने सुरुवातीला पाच श्वास द्यावेत आणि मग ३० दाबांना २ श्वास. रामकुंड असो की त्र्यंबकचं कुशावर्त, घाटावरच्या प्रत्येक जीवरक्षक पथकाकडे पॉकेट मास्क आणि अँबू असायलाच हवा, आणि तो पाण्यापासून दहा पावलांवर हवा.

पोट दाबून पाणी काढणं, उलटं लटकवणं, पाठीवर घेऊन पळणं, हे सगळं बंद झालं पाहिजे. पोट दाबल्याने पोटातलं पाणी आणि अन्न घशात येतं, फुप्फुसातलं पाणी निघत नाही. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसत बसू नका, फेसावरूनच श्वास द्या.

आडगावचा_पाटील (मंगळवार, सकाळी ८:३०)

आणि घास अडकून बेशुद्ध पडला तर? बोट घालून काढायचा का?

तपोवन (मंगळवार, सकाळी ८:४१)

न बघता बोट घालायचं नाही, घास आणखी खाली जातो. शुद्धीत असेल तोवर पाठीवर पाच थाप, मग पोटावर पाच धक्के, आलटून पालटून. बेशुद्ध झाला की सीपीआर सुरू, आणि प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघायचं. दिसला तर काढायचा. हॉस्पिटलमध्ये लॅरिंगोस्कोपने बघून मॅगिल फोर्सेप्सने ओढायचा. ट्रॉलीत तो चिमटा आहे का, हे आजच उघडून बघा.

अंबड_बायोमेड (मंगळवार, दुपारी १:०५)

ट्रॉली उघडायचा विषय निघालाच आहे तर थोडं यंत्रांबद्दल.

सिलिकॉनची अँबू धुऊन, ऑटोक्लेव्ह करून परत जोडताना पेशंटकडच्या झडपेतली बदकाच्या चोचीसारखी पातळ रबरी चकती राहून जाते किंवा दुमडते. बॅग दाबली की हवा पेशंटकडे न जाता बाहेरच्या भोकातून निघून जाते. हाताला सगळं ठीक वाटतं आणि छाती मात्र हलत नाही. तपासणी दहा सेकंदांची: पेशंटकडचं तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबा. घट्ट लागली पाहिजे. सहज चेपली तर गळती आहे. मग रिझर्व्हॉयर पिशवी लावून ऑक्सिजन १५ लिटरवर सोडा, पिशवी भरलेली राहिली पाहिजे. पिशवी नसेल तर पेशंटला ९० टक्क्यांच्या जागी जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो.

सक्शनची नळी चिमटीत बंद करा, काटा किमान ३०० मिमी पाऱ्यापर्यंत गेला पाहिजे. जाडसर उलटीला बारीक कॅथेटर कामाचा नाही, याँकरच (जाड, कडक तोंडाची सक्शनची नळी) हवा. लॅरिंगोस्कोप रोज ड्यूटी बदलताना उघडून दिवा बघायचा, पिवळट मिणमिणता प्रकाश म्हणजे सेल संपत आलेत.

शॉक देताना मास्क आणि ऑक्सिजनची नळी छातीपासून किमान एक मीटर लांब धरा. उशीवर सोडून दिलेला, १५ लिटरने वाहणारा मास्क आग लावू शकतो. ट्यूब किंवा आय-जेलला बॅग घट्ट जोडलेली असेल तर जोडलेली राहू द्या.

१०८_वाटेवर (मंगळवार, दुपारी १:३०)

अवांतर, पण बायोमेड दादांनी १५ लिटर म्हटलं म्हणून. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर साधारण १५०० लिटर. १५ लिटरने १०० मिनिटं. काटा निम्म्यावर असेल तर ५०. सुरगाण्याहून नाशिक गाठायला दोन तास धरावे लागतात. निघण्याआधी काटा वाचून मिनिटांत हिशेब करायचा आणि दुसरा सिलिंडर व चावी गाडीत आहे ना ते बघायचं. नळी संपली तरी बॅग थांबवायची नाही, साध्या हवेतही २१ टक्के असतोच.

पेठचा_वैद्यकीय (मंगळवार, संध्याकाळी ६:४८)

सुरगाणा-पेठचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट इथे नोंदवतोच. भातलावणीच्या दिवसांत मण्यार किंवा नाग चावलेला पेशंट येतो: पापण्या मिटलेल्या, मान टाकलेली, श्वास उथळ. त्याचं हृदय चालू असतं, फक्त श्वासाचे स्नायू लुळे पडत असतात. नाडी आहे तोवर हा अरेस्ट नाही. इथे श्वास देणं हाच जीव वाचवणारा इलाज, आणि तो तासन्‌तास द्यावा लागतो. दर सहा सेकंदांनी एक. त्याच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर दिसतात, तो कशालाच प्रतिसाद देत नाही, म्हणून मेंदू गेला असं समजून बॅग सोडू नका. तो आतून जागा असू शकतो. प्रतिविष चालू करा, त्याच्याशी बोलत राहा, आणि पुढे पाठवा.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षावरच्या फवारणीचं विष घेतलेले येतात. तिथे तोंडाने श्वास अजिबात नाही, हातमोजे, भरपूर सक्शन, आणि अ‍ॅट्रोपिन.

सातपूरकर (मंगळवार, संध्याकाळी ७:०२)

धागा श्वासाचा आणि वाचताना माझाच श्वास रोखला गेला. लिहीत राहा सगळे, आमच्या सेफ्टी बैठकीत वाचून दाखवणार आहे.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९:२०)

पेठच्या डॉक्टरांचे खास आभार. आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण एका गोष्टीवर अजून कोणी पुरेसं लिहिलेलं नाही: श्वासांचा वेग. घाबरलेल्या हातात बॅग मिनिटाला तीस-तीस वेळा दाबली जाते. २००४ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात प्रत्यक्ष अरेस्टमध्ये मोजलं तेव्हा सरासरी तीसच निघाली, आणि ती शिकलेली माणसं होती. त्याच अभ्यासात डुकरांवर बघितलं: मिनिटाला १२ श्वास दिलेल्या सातपैकी सहा जगली, ३० दिलेल्या सातपैकी एक.

कारण साधं आहे. प्रत्येक श्वासाने छातीतला दाब वाढतो. दोन श्वासांत उसंत नसेल तर तो दाब उतरतच नाही, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि पुढच्या कॉम्प्रेशनला ढकलायला हृदयात रक्तच नसतं. ट्यूब पडल्यावर हे जास्त होतं, कारण ३०:२ची शिस्त सुटते आणि बॅग मोकळी सुटते.

सिस्टर_पंचवटी (मंगळवार, रात्री ९:४५)

यावर उपाय: ट्यूब किंवा आय-जेल पडल्यावर कॉम्प्रेशन देणाऱ्याने मोठ्याने मोजायचं, आणि बॅगवाल्याने दर अकराव्या आकड्याला एकदाच दाबायचं. ११०च्या वेगाने अकरा दाब म्हणजे बरोबर सहा सेकंद. मधल्या वेळात बॅगेवरचा हात सैल. घड्याळाकडे बघावं लागत नाही.

भूलशास्त्र_नारोड (मंगळवार, रात्री १०:१०)

सिस्टर, उत्तम. दम्याच्या पेशंटला याहूनही कमी. त्याची हवा आत जाते पण बाहेर यायला वेळ लागतो. छाती फुगलेलीच दिसत असेल तर बॅग सुटी करून काही सेकंद छाती दाबा, अडकलेली हवा निघू द्या.

आता कॅप्नोग्राफचं सांगतो. छाती हलली, ट्यूबमध्ये वाफ दिसली, स्टेथोने आवाज आला, या तिन्ही खुणा फसवतात. लाट बघा. कॉम्प्रेशन चांगली असतील तर अरेस्टमध्येही कार्बन डायऑक्साइडची लाट दिसते, फक्त बुटकी. सलग सात श्वास टिकली पाहिजे. पोटातल्या वायूने येणारी लाट दोन-चार श्वासांत विरते. रेषा सपाट असेल तर "हृदय बंद आहे म्हणून सपाट" असा अर्थ काढू नका. ट्यूब अन्ननलिकेत आहे असं धरून लगेच काढा आणि मास्कवर या.

त्याच पडद्यावर आणखी दोन गोष्टी कळतात. आकडा १० मिमी पाऱ्याच्या खाली रेंगाळत असेल तर आधी कॉम्प्रेशन देणारा बदला, तो थकलाय. एकदम ३५-४०वर उडी मारली तर रक्ताभिसरण परत आलं असण्याची शक्यता, पुढच्या तपासणीला नाडी बघा. आणि कॅप्नोग्राफ मास्कलाही लागतो. मास्क, फिल्टर, मग सेन्सर, मग बॅग, या क्रमाने पहिल्या मिनिटापासून लावा.

पेठचा_वैद्यकीय (मंगळवार, रात्री १०:३२)

ट्यूब असली की शीर मिळाली नाही तरी तीतून अ‍ॅड्रेनालिन देता येतं, असं अजूनही शिकवलं जातं. ते किती शोषलं जाईल याचा भरवसा नाही. शीर नाही मिळाली तर नडगीच्या हाडात सुई. या कारणासाठी ट्यूबची घाई नको.

गोदाकाठ (बुधवार, रात्री ९:००)

ट्रॉलीवरच्या कागदाचा मसुदा. चुका दाखवा.

"अरेस्ट दिसताच हाक, वेळ नोंदवा. मामा कॉम्प्रेशनवर, पाठीखाली फळी. सिस्टर १ डोक्याशी: गुडेल, दोन हातांनी मास्क, १५ लिटर ऑक्सिजन, कॅप्नोग्राफ. सिस्टर २ डिफिबचे (शॉक यंत्राचे) पॅड, शीर, अ‍ॅड्रेनालिन. आरएमओ ताल ओळखून शॉकचा निर्णय घेणार, वेळ बोलणार, भूलतज्ज्ञांना फोन लावायला सांगणार. ३०ला २. दर दोन मिनिटांनी कॉम्प्रेशन देणारा बदला.

छाती उचलत नसेल, किंवा पहिला शॉक व औषध होऊन हात मोकळा झाला असेल, तर आय-जेल. ५० ते ९० किलोला ४ नंबर हिरवा, ३० ते ६०ला ३ पिवळा, ९०च्या वर ५ नारिंगी. कॉम्प्रेशन न थांबवता. मग दर अकराव्या दाबाला एक श्वास. हवा गळत असेल तर परत ३०ला २. ट्यूब फक्त भूलतज्ज्ञ किंवा हात बसलेला डॉक्टर, कॅप्नोग्राफवर लाट बघून.

नाडी परतली की मिनिटाला १० श्वास, ऑक्सिजन १०० टक्क्यांवर ठेवून न देता हळूहळू कमी करून सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९४ ते ९८ टक्के."

भूलशास्त्र_नारोड (बुधवार, रात्री ९:३८)

या कागदावर सही करतो. तीन भर घाला. आय-जेलला पाण्यात विरघळणारी जेली पाठीला, बाजूंना आणि पुढच्या कडेला लावा, मधल्या वाटीत गोळा राहू देऊ नका. टाळूला घासत, अडेपर्यंत सरकवा, दात त्याच्या कडक भागावर आले पाहिजेत, आणि गालापासून गालापर्यंत चिकटपट्टी लावा, नाहीतर कॉम्प्रेशनने वर सरकतं. ३ आणि ४ नंबरच्या बाजूच्या भोकातून १२ फ्रेंचची नळी जाते, पोट फुगलं असेल तर ती घालून रिकामं करा.

दुसरं, ५० ते ६० किलोत दोन्ही नंबर बसतात. चणीने बारीक बाईला ३ घ्या.

तिसरं, सॅच्युरेशनचा आकडा भरवशाचा दिसू लागेपर्यंत ऑक्सिजन कमी करू नका. बोटं गार असतात, यंत्र काहीही दाखवतं.

सिस्टर_पंचवटी (बुधवार, रात्री ९:५२)

आणि ४ नंबर दोन ठेवा. पहिला पाकिटातून काढताना खाली पडला तर दुसरा हाताशी हवा. रात्रीच्या मामांना कॉम्प्रेशनची तालीम पुतळ्यावर करून घेतली नसेल तर या कागदातली पहिली ओळच कोसळते. पुतळा कोणाकडे मोकळा असेल तर इथेच कळवा, पंचवटीतल्या तीन-चार हॉस्पिटलांची तालीम एका रविवारी एकत्र लावू.

अंबड_बायोमेड (बुधवार, रात्री १०:०४)

आमच्याकडे एक आहे, छातीची स्प्रिंग नुकतीच बदलली आहे. घेऊन येतो. दोन-तीन अँबू मुद्दाम चकती काढून आणतो, कोणाला गळती सापडते ते बघू.